बालसंरक्षण: कायदा, घर आणि मधली माणसे

भारतीय कायद्यात बालकाचे वय एक नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. मजुरीच्या कायद्यात सरसकट बंदी आहे ती १४ वर्षांपर्यंत, आणि तीतही घरच्या धंद्याला सवलत आहे. पुढच्या चार वर्षांत फक्त धोकादायक काम वर्ज्य. सक्तीचे शिक्षण ६ ते १४. लग्नाला मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा हवा. किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर १६ वर्षांच्या मुलावरही प्राथमिक मूल्यमापनानंतर मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. पंधरा वर्षांचा एकच मुलगा एका कार्यालयात बालक असतो, तर दुसऱ्यात कामगार. तो कोण ठरेल, हे पुष्कळदा त्याचा कागद आधी कोणाच्या टेबलावर पडतो त्यावर अवलंबून असते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मुंबई प्रांताने १९२४ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. डोंगरीचे बालगृह कित्येक पिढ्यांनी ‘डोंगरी’ एवढ्याच नावाने, बहुधा धाक घालण्यासाठी, ऐकलेले आहे. गोव्याचा धडा अधिक कडवट होता. मडगावात अनाथ मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये शिक्षा. त्या प्रकरणाची सावली गोव्याच्या २००३ च्या बालक कायद्यावर स्पष्ट दिसते. नात्यातले कोणी सोबत नसताना मुलाला हॉटेलच्या खोलीत येऊ देऊ नये, यासारख्या तरतुदी पर्यटनाच्या गावी काय घडते हे पाहिलेल्या माणसांनाच सुचाव्यात अशा आहेत. देशपातळीवर लैंगिक अत्याचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात तो, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. काळजी आणि संरक्षणाचा आजचा बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे. कायद्यांची उणीव हा आजचा प्रश्न नव्हे.

आकडे सावधपणे वाचावे लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींनुसार २०२२ मध्ये देशात मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे नोंदले गेले. त्यांत २०,७६२ गुन्ह्यांसह महाराष्ट्र पहिला होता. यावरून महाराष्ट्र मुलांसाठी सर्वांत वाईट राज्य आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जिथे गुन्हा नोंदवून घेतला जातो, तिथला आकडा फुगतो. देशातल्या एकूण आकड्यात सुमारे ४६ टक्के वाटा अपहरणाचा आहे आणि त्याचेही एक कारण कायद्यात सापडते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवणे आणि सुरुवातीला अपहरण वा तस्करी गृहीत धरणे बंधनकारक केले. त्यामुळे रागावून आजोळी निघून गेलेला मुलगा, प्रियकराबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि खरोखर पळवलेले बाळ एकाच रकान्यात येतात. उलट, घरात घडणारे बहुतेक सारे कोणत्याच रकान्यात येत नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला. त्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते. ही पाहणी आता जुनी झाली, पण तिच्या तोडीची दुसरी सरकारने केलेली नाही. मुलग्यांबद्दलचे मौन तर अजून जवळपास तसेच आहे.

अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. पोक्सोखालच्या बलात्काराच्या नोंदींत हे प्रमाण वर्षानुवर्षे ९० टक्क्यांच्या वर राहिले आहे. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचा मास्तर, रिक्षाकाका. बालसंरक्षणातली सर्वांत मोठी अडचण इथूनच सुरू होते, कारण ज्यांनी धोका ओळखून कळवायचे तीही ओळखीचीच माणसे असतात: आई, वर्गशिक्षिका, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक, ठाण्यातला हवालदार. गुन्हेगार आणि रक्षक एकाच गावात, एकाच आवारात राहतात, पुष्कळदा एकाच पंगतीत जेवतात.

पोक्सोच्या कलम १९ नुसार अत्याचाराची माहिती किंवा शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवली पाहिजे. न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो सांगेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचे. कागदावर ही रचना समंजस आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले, तेव्हा या रचनेचा पहिलाच सांधा निखळलेला दिसला. शाळेने वेळेवर कळवले नाही आणि पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन्‌तास थांबावे लागले, असे समोर आले. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल अडकल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळांतल्या सुरक्षिततेसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि शाळेच्या विश्वस्तांवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला. आरोपी सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. त्याच्यावरचा खटला उभा राहिलाच नाही. त्या खटल्यातून शाळेत कोणी काय पाहिले आणि कोण गप्प राहिले याची जी तपासणी झाली असती, तीही राहून गेली.

शासनाने ऑगस्टमधल्या आंदोलनाच्या आठवड्यात काढलेल्या निर्णयात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांचा आग्रह धरला. सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चाच होता. बऱ्याच शाळांमध्ये ती फलकावर होती. कॅमेऱ्यावर एवढा विश्वास का, हे समजण्यासारखे आहे: तो विकत घेता येतो आणि तपासणीच्या दिवशी दाखवता येतो. चार वर्षांच्या मुलीने ‘शूच्या जागी दुखतंय’ म्हटल्यावर बाईंनी पुढच्या दहा मिनिटांत काय करायचे, याचे प्रशिक्षण मात्र दाखवता येत नाही.

गुन्हा नोंदवला गेला की मुलाचे सांगणे सुरू होते. आईला सांगून झालेले असते. मग मुख्याध्यापक, पोलीस, वैद्यकीय तपासणीत डॉक्टर, जबाबासाठी दंडाधिकारी, बालकल्याण समिती, आणि शेवटी न्यायालय. एकच गोष्ट सहा-सात अनोळखी माणसांना सांगायची आणि प्रत्येक वेळी ती तशीच आली पाहिजे, नाहीतर उलटतपासणीत ‘विसंगती’ ठरते. मुलाची साक्ष विशेष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात साक्षीला काही वर्षे लागणे नवलाचे नाही. सहाव्या वर्षी जे घडले ते दहाव्या वर्षी, पडद्याआड बसून, वकिलाच्या भाषेतल्या प्रश्नांना उत्तर देत सांगायचे असते. दरम्यान आरोपी काका असेल तर दिवाळीला तो घरी आलेला असतो.

या काळात मुलाबरोबर राहणाऱ्या ‘सहायक व्यक्ती’ची तरतूद २०२० च्या नियमांत आहे. ती कागदावरच राहते हे पाहून सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२३ मध्ये ती व्यवस्था उभारण्याचे आदेश द्यावे लागले. महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे आणि तिच्यात १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मात्र ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मंजुरीतून येते आणि उशीर ही तिची जुनी तक्रार आहे. शिक्षा मात्र झपाट्याने वाढवल्या गेल्या. पोक्सोच्या २०१९ च्या दुरुस्तीने बलात्कारासारख्या गुन्ह्याची किमान शिक्षा ७ वरून १० वर्षांवर गेली, १६ खालच्या मुलांच्या बाबतीत २० वर आणि गंभीर प्रकारांत फाशीही आली. शिक्षा जितकी जड, तितके घरच्या माणसाविरुद्ध तोंड उघडणे अवघड. वडील किंवा मामा फासावर जाईल या धास्तीने साक्षीदार फिरतात आणि आई दडपणाखाली येते. कायद्याचा अर्थ लावण्यातही घोळ झाले. कपड्यावरून केलेला स्पर्श लैंगिक हल्ला ठरत नाही, असा नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. महत्त्व हेतूला आहे, त्वचेला नव्हे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

पोक्सोच्या खटल्यांचा दुसरा मोठा हिस्सा अत्याचाराचा नसतोच. बेंगळुरूच्या एनफोल्ड संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगाल या राज्यांतले ७,०६४ निकाल तपासले. त्यांतल्या सुमारे २४ टक्के प्रकरणांत प्रेमसंबंध होते. ठराविक क्रम असा: मुलगी सतराची, मुलगा एकोणीसचा, जात वेगळी, मुलीच्या वडिलांची तक्रार. मुलगा तुरुंगात जातो आणि मुलगी घरी जायला तयार नसेल तर बालगृहात. पुढे ती न्यायालयात ‘मी स्वतःहून गेले’ म्हणते आणि मुलगा सुटतो. तोवर दोघांचे शाळा-कॉलेज सुटलेले असते. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय १८ वरून खाली आणू नये, पण १६ ते १८ मधल्या संमतीच्या संबंधांत शिक्षेबाबत न्यायाधीशाला विवेक वापरू द्यावा असे सुचवले. वय उतरवण्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे फेटाळता येत नाही, कारण तस्करी आणि बालविवाह दोन्ही ‘संमती’चाच आसरा घेतात. दोन्ही बाजूंची मुले खरी आहेत, म्हणून हा प्रश्न सुटायला जड जातो.

बालविवाहात सगळ्या यंत्रणा एका मांडवात येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न १८ च्या आत झाले होते. देशाचा आकडा २३.३ टक्के आहे, म्हणजे प्रगत म्हणवणारे राज्य सरासरीच्या जेमतेम खाली. राज्याच्या सरासरीआड परभणी आणि बीड दडलेले आहेत. तिथे हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेलेले आहे.

बीडच्या आकड्याचा धागा उसापर्यंत जातो. ऊसतोडीच्या हिशेबात ‘कोयता’ म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या माणसाचा तो अर्धा कोयता आणि त्याची उचलही त्याच मापाची. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वयात आलेली मुलगी मागे कोणापाशी ठेवायची? सोबत न्यावी तर तिथल्या झोपडीला, म्हणजे कोपीला, दार नाही, पहाटे आई-बाप फडात आणि ती धाकट्या भावंडाला घेऊन एकटी. त्यापेक्षा लग्न लावून दिले की बापाची चिंता मिटते आणि नवऱ्याच्या घरी एक पूर्ण कोयता तयार होतो. काही लग्ने तर हंगामाच्या तोंडावर कारखान्याच्या गेटपाशीच उरकतात. त्यांना ‘गेटकेन’ म्हणतात, हा शब्द मूळचा उसाचा.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. पुढे मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली, संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. हंगामी वसतिगृहाची सोय मुख्यतः आठवीपर्यंतची. शिक्षण हक्क कायद्याची मर्यादाच १४ ची असल्याने ती तिथे थांबते, आणि स्थळे यायला लागतात तीही नेमकी तेव्हाच.

गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक आणि त्याची सहायक अंगणवाडी सेविका. लग्नाची पत्रिका ग्रामसेवकाच्या घरीही आलेली असते. कोणीतरी १०९८ या मुलांच्या मदतक्रमांकाला निनावी फोन करतो. पोलीस, ग्रामसेवक आणि बाल संरक्षण कक्षाचा कर्मचारी मांडवात पोचतात तेव्हा हळद लागलेली असते. शाळा सोडल्याचा दाखला मागवला जातो आणि त्यावर पंधरा वर्षे सात महिने. आचाऱ्याने चूल विझवायची की नाही, एवढाच प्रश्न वऱ्हाडापुढे उरतो. आई-बापाकडून ‘मुलगी १८ ची होईपर्यंत लग्न करणार नाही’ असे हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीपुढे नेतात आणि समिती तिला घरी सोपवते, कारण ठेवायला दुसरी जागा बरी नसते. दोन आठवड्यांनी दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात तेच लग्न लागते. थांबवलेल्या विवाहांची संख्या जिल्ह्याच्या अहवालात वाढते. नंतर लागलेल्या लग्नांची नोंद करणारा रकाना नाही. ग्रामसेवकाला त्याच गावात वसुली करायची असते आणि सेविकेचे घरही त्याच आळीत असते.

बालविवाह गुन्हा असला तरी सरसकट रद्दबातल नाही. मुलगी तो रद्द करून मागू शकते, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. तोवर बहुधा मांडीवर मूल असते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये १८ खालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरवला. त्यामुळे सोळा वर्षांची गरोदर मुलगी प्राथमिक आरोग्य केंद्रात आली की डॉक्टरने पोलिसांना कळवणे आले. परिणाम असा की मुलीचे वय ‘एकोणीस’ सांगितले जाते, किंवा ती येतच नाही. गर्भपातापुरता या कोंडीतून मार्ग न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये काढला: डॉक्टरने कळवायचे, पण मुलीची ओळख उघड करण्याची सक्ती नाही. बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीला असा आडोसा नाही.

घर सुरक्षित नसेल तर संस्था, हा जुना विचार आता मागे पडतो आहे आणि त्याला कारणे आहेत. कुलाब्याच्या अँकरेज निवाऱ्यातल्या मुलांवर परदेशी चालकांनी केलेले अत्याचार २००१ मध्ये उघड झाले आणि शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम व्हायला २०११ उजाडले. बिहारमधल्या निवारागृहांची स्थिती २०१८ मध्ये समोर आली ती मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाच्या पाहणीमुळे. म्हणून आता भर कुटुंबावर आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४,०००. कोविडमध्ये आई किंवा बाप गेलेल्या मुलांमुळे बालसंगोपनाचे नाव गावोगाव पोचले. त्याआधी ते तहसीलच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

आदिवासी आश्रमशाळा या चर्चेत निसटतात, कारण त्या बाल न्याय कायद्याखाली नसून आदिवासी विकास विभागाच्या आहेत. सरकारी आणि अनुदानित मिळून राज्यात त्या हजाराच्या आसपास आहेत. आठ वर्षांचे मूल पाड्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर राहते, त्याची भाषा पावरी, गोंडी वा कोरकू आणि अधीक्षकाची मराठी. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायची तर आधी मराठी लिहिता आले पाहिजे. साप चावणे, ताप अंगावर काढणे, उशिरा दवाखान्यात नेणे हेही तिथे बालसंरक्षणाचेच प्रश्न आहेत.

मोबाइलने अंतराची कल्पनाच बदलली. अत्याचार करणाऱ्याला आता गावात यावे लागत नाही. खेळाच्या ॲपवर मैत्री, मग फोटोची मागणी, मग त्या फोटोच्या जोरावर पैशांची किंवा आणखी फोटोंची. आता खरा फोटोही लागत नाही, शाळेच्या स्नेहसंमेलनातला चेहरा कृत्रिम बुद्धिमत्तेने दुसऱ्या शरीरावर बसवता येतो, आणि ते करणारा पुष्कळदा त्याच वर्गातला मुलगा असतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा चित्रफिती जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवला आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच टाळायला सांगितले, कारण त्यात स्वेच्छेची छटा आहे आणि अत्याचाराची नाही. विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने १८ खालच्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. ज्या घरात आईचा ओटीपी मुलगाच वाचून भरतो, तिथे ही संमती कोण देणार, हे उघड आहे.

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांबद्दल समाजाची सहानुभूती पैशाप्रमाणे बदलते. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने जामिनाबरोबर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तो निबंध संतापाचा विषय झाला, ते साहजिक होते. पण त्या संतापात ‘अशा मुलांना मोठ्यांसारखेच वागवा’ ही मागणी पुढे आली आणि तिचा भार पडतो तो वस्तीतल्या मुलांवर. त्याच शहरात कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांत अल्पवयीन मुलांना पुढे करतात, कारण पकडले गेले तर शिक्षा हलकी. मुलांचा असा वापर करणाऱ्या मोठ्यांना बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. या कलमाचा उच्चार मुलांच्या अटकेच्या बातम्यांत क्वचितच होतो.

१०९८ हा क्रमांक १९९६ मध्ये मुंबईत, टाटा संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांच्या प्रयत्नातून सुरू झाला. रस्त्यावरच्या मुलांना जो माणूस आधीपासून ओळखीचा होता, तोच फोनवर यायचा. २०२३ मध्ये तो सरकारने आपल्याकडे घेतला आणि आणीबाणीच्या ११२ शी जोडला. पोच वाढली, पण तातडीच्या प्रसंगी आधी पोलीस येण्याची शक्यताही वाढली, आणि पोलिसांपासूनच पळणारे मूल अशा वेळी फोन ठेवून देते.

या व्यवस्थेचा शेवटचा कागद अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिले. ते मिळवण्यासाठी आई-वडिलांचा ठावठिकाणा नसल्याचे सिद्ध करावे लागते, बालगृहाची नोंदवही शोधावी लागते आणि बालकल्याण समितीचा शेरा लागतो. अठरानंतरच्या अनुरक्षणगृहात २१ पर्यंत राहता येते, पण अशी गृहे थोडी. बाकीच्यांची फाइल अठराव्या वाढदिवसाला बंद होते. तो वाढदिवसही बऱ्याचदा दाखल करून घेताना डॉक्टरने दात आणि हाडे पाहून ठरवलेला असतो, आणि तारीख सोयीची म्हणून १ जूनची.